उलटा अर्थ

३ फेब्रुवारी

मामा,

अक्षर ओळखलंस ना? बारकी. पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तू "हो, चार पुरतील" म्हणालास. तेव्हाच ठरवलं की तुझ्या कानांच्या नादी लागायचं नाही. शिवाय मला जे हवंय ते फोनवर मिळणारही नाही. तुला कागदावर काढून दाखवावं लागेल.

गोष्ट ट्रॅक्टरची आहे. थांब, पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

वायरिंग जळल्यापासून अण्णा तो उताराच्या तोंडाशीच उभा करतात. सकाळी दगड काढायचा, ढकलायचा, खाली जाता जाता गिअरमध्ये टाकायचा की झाला सुरू. अकरा वर्षं असं चाललंय. दिवे नाहीत, हॉर्न नाही, सेल्फ नाही. कुठे सपाटीवर बंद पडला तर तिथेच राहायचं आणि चार माणसं गोळा करायची. गेल्या महिन्यात अण्णा ढकलायला गेले आणि कंबर धरून खालीच बसले. उठले ते म्हणाले, "आता पुरे. एकतीस मार्चला भंगारवाल्याचा ट्रक येतोय. ट्रॅक्टर गेला की जमीनही कुणाला तरी कसायला देऊन टाकू."

मामा, थोरले दोघे परगावी स्थिरावले, ते काही परत येत नाहीत. शेत मीच बघणार, हे मी मनात केव्हाच ठरवलंय. फक्त अण्णांना ते कळलेलं नाही. त्यांच्या लेखी मी पुढच्या खोलीत मशीनवर बसून लोकांचे शर्ट शिवणारी मुलगी. मी छत्तीस वर्षांची आहे, पण ते असू दे.

मी म्हटलं, वायरिंग मी नवीन करते. अण्णा हसले. म्हणाले, "फ्रॉकला लेस लावण्याइतकं सोपं नाही ते." मी हटले नाही, तेव्हा म्हणाले, "सपाट जागेवर, चावीने, एका झटक्यात सुरू झाला आणि दिवे लागले तर बोल. नाहीतर ट्रक आहेच." आई साक्षीदार आहे. तिनेच मला तुझा नवीन पत्ता दिला. चिठ्ठी हातात कोंबली आणि दुसरीकडे बघत राहिली.

तू अकरा वर्षं आमच्याकडे पाऊल टाकलं नाहीस, आणि का ते मला माहीत आहे. तरी विचारते. शिकवशील?

तुझीच भाची, जिला तू पक्कड धरायला शिकवलं होतंस आणि मग तिने त्या पकडीने तुझीच मिशी ओढली होती,
बारकी


११ फेब्रुवारी

बारके,

मिशी अजून दुखते.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा मी कपाटावरून हत्यारांची पिशवी काढली. इथे लेकीकडे चौथ्या मजल्यावर या पिशवीला काम नाही. जावई बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो. मी बघत बसतो, तो माणूस उलट्या हाताने स्क्रू पिळतो आणि मी मूग गिळून गप्प राहतो.

अडतीस वर्षं दुकान चालवलं. लोक मला नावाने नाही, वायरमन म्हणून ओळखायचे. ट्रक, बस, रोलर, पिठाच्या गिरणीचं इंजिन, जे आलं ते चालू होऊन गेलं. माझ्या हातची एक वायर सुटली नाही, एक गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारातला ट्रॅक्टर जळला. दाजी भर रस्त्यात, चारचौघांत म्हणाले, "मेव्हण्याच्या हातचं काम, दुसरं काय होणार!" ते वाक्य मला अजून ऐकू येतं. बाकी काही ऐकू येत नाही, तेवढं मात्र येतं.

तर शिकवतो. तुझ्यासाठी शिकवतो आणि माझ्यासाठीही. लपवायचं कशाला?

पहिलं, काहीही तोडायचं नाही. जळालेली असली तरी प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे पोचते ते आधी कागदावर काढ. दुसरं, चार गोष्टी ओळखून ठेव. डायनमो, म्हणजे पट्ट्यावर फिरतो आणि वीज तयार करतो तो. कटआउट, म्हणजे ती वीज बॅटरीत जाऊ द्यायची की अडवायची ते ठरवणारी चौकोनी डबी. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. आणि डॅशबोर्डावरचं मीटर, ज्याचा काटा मध्ये उभा असतो. बॅटरी भरत असली तर तो उजवीकडे झुकतो, रिकामी होत असली तर डावीकडे. तिसरं, फ्यूजची डबी उघड आणि आत काय आहे ते मला कळव. हे विसरू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाजी येता जाता म्हणणार, बारके, हात लावू नकोस, तुझ्याच्याने व्हायचं नाही. त्याचा अर्थ उलटा आहे, एवढं पक्कं ध्यानात ठेव. त्यात चुकलीस तर सगळ्या कामावर पाणी पडेल.

सोबत पार्सल आहे. एक बल्ब, दोन तारा, दोन चिमटे. याला टेस्ट लॅम्प म्हणतात. वायरमध्ये वीज आहे की नाही ते हा सांगतो, आणि माणसांसारखं खोटं बोलत नाही. अडतीस वर्षं माझ्या खिशात होता. हरवलास तर मिशीचाही हिशेब काढीन.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझा दिवा पोचला. आईने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि परत दिला.

आता तुझ्या शिष्येचा पराक्रम ऐक. तू वायरी कागदावर काढायला सांगितल्यास. मी शिंपीण, मला कागद म्हटलं की खाकी कागदच दिसतो, ज्यावर आम्ही कापडाचे खाके काढतो. तीन ताव चिकटवले, शेडच्या फरशीवर पसरले आणि जळालेलं वायरिंग अख्खंच्या अख्खं त्यावर झोपवलं. कोटाची बाही बेततात तसं चारी बाजूंनी खडूने आखून घेतलं. प्रत्येक वायरची लांबी टेपने मोजली, दुमडीसाठी दीड इंच जास्तीचा धरला. आता नवीन वायरी त्या आखणीवर ठेवते आहे, आणि दर दोन इंचांवर मेणाच्या दोऱ्याने गाठ मारून एकत्र बांधते आहे. कापडाची घडी मोडू नये म्हणून मारतो ती अडकगाठ. ओढलीस तर घट्ट होते. छोटासा नमुना पाकिटात घातला आहे, ओढून बघ.

अण्णांचं म्हणशील तर तू मनकवडा आहेस. पहिल्या दिवशी शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "हात लावू नकोस, लोखंड आहे ते, कापड नाही." मी तुझं वाक्य आठवलं आणि मान खाली घालून काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर पान्यांचा अख्खा संच ठेवलेला, तेल लावून पुसलेला! ठेवला कोणी, तर कोणीच नाही. मग ते दिवसातून चार वेळा बादली शोधायला शेडमध्ये येतात. बादली दारातच असते. तुझं ते "त्याचा अर्थ उलटा आहे" मी खडूने शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. अण्णांनी वाचलं, विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मामाचा नियम." ते "हं" म्हणाले आणि बादली न घेताच गेले.

फ्यूजच्या डबीचं विचारलं होतंस. ती जळून पार वितळून गेली आहे, आत काय होतं ते काही कळलं नाही. नवीन आणली.

वायरिंगचा काढलेला नकाशा सोबत आहे. लाल शाईने चुका दाखव, शाळेतल्यासारख्या.

बारकी


४ मार्च

बारके,

नमुना ओढला. मग लेकीला ओढायला दिला, जावयाला दिला, खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरला दिला. सुटला नाही. आम्ही वायरमन लोक चिकटपट्टी गुंडाळून मोकळे होतो आणि दोन उन्हाळ्यांत ती गळून पडते. तू वायरिंग शिवलंस गं! अडतीस वर्षांत मला हे सुचलं नाही, याचा थोडा रागही आला. पण छाती केवढी फुगली म्हणून सांगू. इंजिनिअरला सांगितलं, माझ्या भाचीचं काम आहे. त्याने विचारलं, कुठे शिकली? म्हटलं, माझ्याकडे.

आता लाल शाई. सेल्फला तू हॉर्नची वायर दिली आहेस. सेल्फ हा राक्षस आहे, एका घोटात अख्खी बॅटरी ओढतो. त्याला अंगठ्याएवढी जाड केबल लागते, नाहीतर बारीक वायर चुलीतल्या काटकीसारखी पेटेल. दुसरं, मागचा दिवा, नांगराच्या वेळी लावतात तो, तू विसरलीच आहेस. आणि डायनमोकडून येणाऱ्या वायरवर एक वेगळा फ्यूज टाक. पूर्वी मी टाकला नव्हता, तेव्हा कोणी टाकत नसे. तू टाक. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. काही बिघडलं तर तो स्वतः तुटतो आणि बाकीच्यांना वाचवतो.

आणि हो, डबी वितळली म्हणतेस? ती चिनी मातीची होती, बारके. मीच बसवली होती. चिनी माती वितळत नाही.

जे सापडलं असेल ते जपून ठेव. मी विचारत नाही.

मामा


१५ मार्च

मामा,

सगळं बिघडलं. रडून झालंय, म्हणून आता नीट लिहू शकते.

परवा वायरिंग चढवलं. असं बसलं, जणू ट्रॅक्टरच्या मापाने बेतलेलं, आणि होतंच ते तसं. काल सकाळी बॅटरी आणली. शेजारच्यांच्या जीपमध्ये बघून आले होते, वजाची तार अंगाच्या लोखंडाला आणि अधिकची सेल्फकडे. तशीच लावली. आई कानांवर हात ठेवून दारात, अण्णा स्टुलावर. मी चावी फिरवली.

मामा, तो सुरू झाला! एका झटक्यात. दिवे लावले, दोन्ही लागले. आई नाचायचीच बाकी होती. अण्णा उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडेच बघत होते, मीटरकडे नाही, इथेच चुकलं. आई ओरडली, "धूर!" बघते तर मीटरचा काटा पार डाव्या टोकाला जाऊन आपटलेला आणि कटआउटच्या डबीतून धूर. तेवढ्यात टक् असा आवाज झाला, आणि धूर थांबला. मी इंजिन बंद केलं, बॅटरीची तार ओढून काढली. तू टाकायला सांगितलेला तो नवीन फ्यूज उडाला होता. वायरिंगला ओरखडाही नाही, पण कटआउट आतून काळा.

अण्णा म्हणाले, "पुन्हा तेच." एवढंच. मग वाकले, फ्यूजची डबी उघडली, तुटलेला फ्यूज काढला आणि उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिले. तो खिशात टाकला आणि शेताकडे निघून गेले.

आता खरं सांगते. तुला मी खोटं लिहिलं होतं. जुन्या डबीत फ्यूज नव्हताच. फ्यूजच्या जागी खिळा होता. मापाने कापलेला, आणि दोन्ही टोकं कानशीने घासून गोल केलेली. आमच्या घरात खिळ्याचीही टोकं घासून ठेवणारा माणूस एकच आहे, तुलाही माहीत आहे कोण. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी तुझं वायरिंग जळलं ते तुझ्यामुळे नाहीच. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी वैतागून खिळा घातला, आणि मग उडायला काही उरलंच नाही. मी तो खिळा माझ्या बटणांच्या डब्यात लपवून ठेवलाय. तुला सांगितलं असतं तर तू अण्णांना कधीच माफ केलं नसतंस, आणि अण्णांना दाखवला असता तर त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं असतं. मधल्या मध्ये मी अडकले.

पण माझं कशाने जळलं? मी सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं रे. सोळा दिवस राहिलेत.

बारकी


१९ मार्च

बारके,

डोळे पूस आणि आधी मला हसू दे. हसून झालं की सांगतो.

तू वजाची तार अंगाला लावलीस. अगं, मी तुला पहिल्याच पत्रात बजावलं होतं ना, त्याचा अर्थ उलटा आहे! भिंतीवर लिहिलंस, आणि तरी सुलटा लावलास! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझं चोवीस तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

बॅटरीची जी तार गाडीच्या लोखंडाला जोडतात तिला आम्ही अर्थ म्हणतो. दुकानात सगळे म्हणतात. अर्थ दे, अर्थ सुटलाय, अर्थ खराब आहे. हल्लीच्या सगळ्या गाड्यांना वजाचा अर्थ असतो. पण आपला ट्रॅक्टर म्हातारा, त्याच्या काळी अधिकची तार अंगाला लावत. म्हणून त्याचा, म्हणजे ट्रॅक्टरचा, अर्थ उलटा. दाजींबद्दलचं वाक्य लिहून झालं तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. चहा पिऊन पुन्हा बसलो ते ट्रॅक्टरबद्दल लिहायला, आणि ओळ सोडायची राहिली. तुला वाटलं, दाजींच्या बोलण्याचा अर्थ उलटा. आता तू म्हणशील, अर्थिंग लिहिलं असतंस तर मला कळलं असतं. बरोबर आहे. चूक माझी. एवढ्या वर्षांत माझी पहिली चूक, आणि ती वायरीत नाही, शब्दात झाली.

पण गंमत बघ. तू जे वाचलंस तेही खोटं नव्हतं. पाने कोणी पुसून ठेवले?

आता काम. बॅटरी फिरव, अधिकची तार अंगाला, वजाची सेल्फला. मीटरच्या मागच्या दोन वायरी आहेत तशाच राहू दे. सोबत कटआउट पाठवतोय. माझ्या पिशवीच्या तळाशी एक जपून ठेवलेला होता, का ठेवला होता ते आज कळलं. इंजिन सुरू करायच्या आधी डायनमोला त्याची बाजू पुन्हा शिकवावी लागेल, कारण त्या दिवशी तो गोंधळलाय. बॅटरीच्या वजाच्या टोकावरून एक वायर घे आणि डायनमोच्या लहान खिळीला, म्हणजे बारीक वायर जोडतात त्या टोकाला, नुसती टेकवून काढ. एक ठिणगी, बस. लहान पोराला एकदाच दटावतात तसं. आणि नेहमीचा नियम, काढताना अर्थ पहिला काढायचा, लावताना शेवटी लावायचा.

घाबरू नकोस. तुझं काम चुकलं नाही. तुझा फ्यूज उडाला, म्हणजे तुझं काम पास झालं. माझ्या अख्ख्या दुकानात मी कुणाला याहून मोठी शाबासकी दिली नाही.

राहिला खिळा. तो मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. ट्रॅक्टर जळाला त्याच दिवशी मी डबी उघडून पाहिली होती. मापात कापलेला, टोकं घासलेली. मी डबी बंद केली आणि निघालो. दाजी चारचौघांत मला बोलले होते. मी चारचौघांत तो खिळा वर धरला असता तर माझं नाव निघालं असतं आणि त्यांचं गेलं असतं, आणि ताई बाजूलाच उभी होती. ते मला जमलं नाही. पण तुमच्या दारात पुन्हा येणंही जमलं नाही. मी काही संत नाही, राग होताच. अजून आहे. पण तो खिळा तू दाखवायचा नाहीस, कळलं? ज्याचा आहे त्याने काढला तर काढला.

एक सांगायचं राहिलं. माझ्या हाताला आता कंप आहे. पक्कड धरली की टोक नाचतं. हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. पण ट्रॅक्टर सुरू होईल ना, तेव्हा तो माझ्या हातानेच सुरू झाला असं मी धरून चालणार आहे. तुझी हरकत नसावी.

मामा


३१ मार्च

मामा,

हरकत नाही! हरकत नाही! हरकत नाही!

पार्सल अठ्ठावीसला मिळालं. तुझं पत्र वाचून मी भिंतीवरच्या वाक्यासमोर उभी राहून वेड्यासारखी हसले. आईने कारण विचारलं, तिला सांगितलं, तीही हसली आणि मग डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून शेडमध्ये आले. बादली न शोधता. म्हणाले, "परत कधी लावणार आहेस?" मी म्हटलं, "आज." ते म्हणाले, "मग इथे नको. बाहेर काढू." आम्ही तिघांनी मिळून तो ढकलत अंगणात आणला, अगदी सपाट जागेवर. अण्णांनी खाली बसून जमीन खरंच सपाट आहे का ते बघितलं. त्यांची अट होती ना.

बॅटरी फिरवली. डायनमोला दटावलं. ठिणगी उडाली तेव्हा मी तुझ्यासारखी "बस" म्हणाले. अर्थ शेवटी लावला. चावी अण्णांपुढे धरली, तर म्हणाले, "तुझं काम, तू फिरव." मी फिरवली. मामा, एका झटक्यात! या वेळी मी मीटरवरून नजर हलवली नाही. काटा थरथरला, जरासा थांबला, आणि उजवीकडे झुकला. उजवीकडे! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तुझ्या कानांनाही ऐकू आलं असेल.

संध्याकाळ होत आली होती. पुढचे दोन, मागचा एक, डॅशबोर्डावरचा छोटा, सगळे दिवे लावले. हॉर्न आईने वाजवला, तीन वेळा, उगाच. अण्णा ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले. वायरिंगवरून हात फिरवला, माझी एक गाठ नखाने ओढून बघितली. सुटली नाही. मग विचारलं, "फ्यूज किती अँपिअरचा?" मी म्हटलं, "तीस." ते म्हणाले, "उडाला तर?" मी म्हटलं, "उडाला तर का उडाला ते शोधायचं, आणि पुन्हा तीसचाच घालायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिळ्याचा ख काढला नाही, तुझी शपथ. पण मला वाटतं त्यांना कळलं की मला माहीत आहे.

त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा ट्रॅक्टर उतारावर नेऊन लावला नाही. अंगणातच, दाराच्या समोर, सपाटीवर राहिला. सकाळी उठले तर अण्णा त्याच्याकडे बघत पायरीवर बसलेले.

आज तो ट्रक आला. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "भंगार कुठे आहे?" अण्णा म्हणाले, "भंगार? इथे नाही. पत्ता चुकलात." आणि मला हाक मारली, "बारके, जरा सुरू करून दाखव त्यांना." ड्रायव्हर बोनेट उघडून बघत राहिला. म्हणाला, "वायरिंग शिवलेलं पहिल्यांदाच बघतोय. कोणी केलं?" अण्णा म्हणाले, "आमच्या मुलीने. शेत तीच बघते आता." मामा, मी तशीच सीटवर बसून राहिले.

एक गोष्ट मात्र कळत नाही. शर्टाची बटणं काढायला डबा उघडला तर तो खिळा नाही. आई म्हणते तिने हातही लावला नाही. सगळी बटणं जमिनीवर ओतून बघितली. तुला वाईट वाटेल म्हणून आधी लिहीत नव्हते, पण तुझ्याशी खोटं बोलले की पकडली जाते.

शेत बघणारी,
बारकी


५ एप्रिल

मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून तसाच सुरू करतो.

सोबत एक खिळा आहे. माझा आहे. फ्यूज रोज उडायचा, पेरणी अंगावर आली होती, म्हणून घातला. तू डबी उघडून पाहिलीस तेव्हा मी मागेच उभा होतो. तू बोलशील म्हणून थांबलो होतो. तू डबी लावलीस आणि गेलास. त्या दिवसापासून मी हे पत्र लिहायचं म्हणतो आहे. मला लिहायला अकरा वर्षं लागली. काल कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये चारचौघांत सांगितलं की तुझं वायरिंग चांगलं होतं, खिळा माझा होता. सगळे हसले. हसू देत.

पोरीला तू बरं शिकवलंस. मागच्या महिन्यात तिचा फ्यूज उडाला तो मी खिशात ठेवला आहे.

तुझं वाक्य शेडच्या भिंतीवर आहे. तिने मला ते दोन्ही बाजूंनी समजावून सांगितलं. म्हणून आता मीही तसंच लिहितो.

ट्रॅक्टर ठीक चालतो. दिवे साधारण आहेत. पोरीच्या कामात विशेष काही नाही. तू आला नाहीस तरी इथे कुणाचं अडलेलं नाही.

त्याचा अर्थ उलटा आहे.

दाजी